सुटण्याच्या तयारीत

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. दारावरची नव्हे, शाळेतली नव्हे आणि सायकलवरची तर मुळीच नव्हे. मी बसस्थानकावरची घंटी आहे. लाकडी फळीवर बसवलेल्या तीन पितळी पट्ट्या आणि शेजारी दोरीने बांधलेली एक छोटी लाकडी हातोडी, एवढाच माझा संसार. हातोडीच्या डोक्याला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळलेले आहे. ते नसते तर माझा आवाज ताट पडल्यासारखा आला असता.

मला स्थानकाच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरने घडवले. मोडीत निघालेल्या बसच्या पितळी कठड्यातून त्याने माझ्या पट्ट्या कापल्या. कानसीने घासता घासता तो मध्येच थांबे, पट्टी कानाशी धरून वाजवी, नाक मुरडी आणि पुन्हा घाशी. "अजून थोडा गोड होईल की," कुणीतरी त्याला म्हणाले. "नको," तो म्हणाला, "गोड आवाज माणसं बसून ऐकतात. हा ऐकून उठायला हवीत."

मला घोषणेच्या खोलीत ठेवले गेले. खोली कसली, खुराडेच ते. एक खुर्ची, एक मायक्रोफोन, एक काच आणि काचेपलीकडे सगळे फलाट. खुर्चीवर बसत त्या सूचनाबाई. त्यांचे खरे नाव पगाराच्या कागदापुरते होते. साऱ्या स्थानकाला त्या सूचनाबाईच. लहान पट्टीपासून मोठीकडे वाजवले की गाडी येत आहे, मोठीपासून लहानीकडे वाजवले की गाडी जाणार आहे. हा नियम त्यांचाच. रोजचे प्रवासी शब्द ऐकायच्या आधीच पिशव्या उचलू लागत.

त्यांचा आणखी एक नियम होता. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीला त्या कधीही 'सुटली' म्हणत नसत. एकदा त्या रजेवर असताना बदली माणसाने घाईत 'गाडी सुटली आहे' असे सांगून टाकले. फाटकातून सामान घेऊन धावत येणारी एक बाई ते ऐकून जागीच थांबली. गाडी मात्र अजून उभी होती. ती बाईच्या डोळ्यांदेखत सावकाश निघून गेली. तेव्हापासून सूचनाबाई प्रत्येक नव्या माणसाला बजावत, "चाक फिरेपर्यंत 'सुटण्याच्या तयारीत' म्हणायचं. 'सुटली' म्हटलं की माणूस पळायचं थांबतो."

ते दिवस आठवले की माझ्या पट्ट्या अजून शहारतात.

मग यंत्र आले. यंत्राला आवाज हवा होता. सूचनाबाईंहून स्पष्ट बोलणारे कुणी नव्हते, म्हणून त्यांच्याकडूनच सगळी गावे, सगळे फलाट, सगळे आकडे वदवून घेतले. माझाही आवाज त्यांनी टिपून घेतला. आपल्या दोघींची किती वाहवा होत आहे, असे मला वाटले होते! पण काम संपले आणि कळले की आता आमचे आवाज राहणार, आम्ही नाही. निरोपाच्या दिवशी मला घासूनपुसून लख्ख केले आणि बाईंच्या हाती आठवण म्हणून दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कँटीनच्या मावशी तेवढ्या टाळ्या न वाजवता डोळे पुसत उभ्या होत्या.

घरी मी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर आले. तिथून बाईंची खोली, स्वयंपाकघर आणि खिडकी दिसत असे. स्थानक तसे लांब नव्हते. वाऱ्याची दिशा बदलली की खिडकीतून आवाज येई. आधी माझा, मग बाईंचा. आपण इथे मुक्या बसलो आहोत आणि तिकडे आपणच बोलत आहोत, हे दुःख, मित्रांनो, फार विचित्र असते. मला वाटे, बाईंनी उठावे आणि हातोडी हातात घ्यावी. बाई उठत. खिडकी लावून घेत आणि परत आडव्या होत.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटले, थकल्या असतील, घेऊ दे विश्रांती. पण विश्रांतीने माणूस ताजातवाना होतो. बाई उलट विझत चालल्या. पडदे दिवसाही ओढलेले. चहावर साय धरे. रात्री झोप नाही आणि दुपारी डोळा उघडत नाही. ज्या तोंडाने एका दमात चौदा थांबे म्हटले होते, त्या तोंडातून आता फक्त 'हं' बाहेर पडे.

त्यांची लेक औषधाच्या दुकानात काम करते. एके दिवशी ती काकुळतीला येऊन म्हणाली, "आई, जरा खूश राहा ना गं. काय कमी आहे तुला?"

"तेच तर कळत नाही," बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तू जा कामाला. माझी गाडी सुटली."

हे ऐकून मी हादरले. आयुष्यभर ज्यांनी उभ्या गाडीला हा शब्द लावू दिला नाही, त्यांनी तो स्वतःला लावला होता.

लेक घाबरली. दुसऱ्याच दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर स्वयंपाकघरात ती आईला पुन्हा पुन्हा समजावत होती, "हा आळस नाही, हे नाटकही नाही. आजार आहे, आई. त्याला नैराश्य म्हणतात. गोळ्या सुरू झाल्यात, त्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, रोज ठरलेल्या वेळेला उठायचं, सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, थोडं चालायचं, वेळेवर जेवायचं. आणि रोज कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे."

"एवढं सगळं जमत असतं तर मी आजारी कशाला पडले असते?" बाई म्हणाल्या.

लेकीने गोळ्या आणि पाण्याचा पेला तेवढा पुढे सरकवला. 

या प्रश्नाचे उत्तर घेऊन आल्या कँटीनच्या मावशी, आणि तेही चुकून. सकाळची गर्दी ओसरली की त्या थर्मास घेऊन येऊ लागल्या. येत, पडदा सरकवत, स्थानकावरच्या गमती सांगत. बाई 'हं' म्हणत. एक दिवस मावशी वैतागल्या.

"अगं सूचनाबाई, मी काय भिंतीला चहा पाजायला येते का? चल, खालच्या झाडापर्यंत तरी जाऊन येऊ."

पांघरूण हलले नाही. मावशींची नजर माझ्यावर पडली. त्यांनी हातोडी उचलली, पट्ट्यांवर जमेल तशी फिरवली आणि कँटीनच्या पोराला हाक मारावी तशा ओरडल्या, "लक्ष द्या, लक्ष द्या! सकाळची फिरायला जायची गाडी दारातून सुटली आहे!"

 पांघरुणाखालून आवाज आला, "उलटी वाजवलीस."

"काय?"

"लहानीकडून मोठीकडे वाजवलीस. ती येणाऱ्या गाडीची झाली. इतकी वर्षं बाहेर बसून ऐकलीस काय? आणि सुटली काय म्हणतेस? कुठे सुटली?"

"मग काय म्हणू?"

"सुटण्याच्या तयारीत आहे, म्हण."

"असं होय!" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग लेकीला काय सांगितलंस गं? तिच्याकडून कळलं मला. माझी गाडी सुटली म्हणून? चाक फिरलं होतं का? बघायला कोण गेलं होतं?"

बाई उठून बसल्या. हसल्या नाहीत. पण त्यांनी हात पुढे केला आणि मावशींच्या हातातून हातोडी घेतली. मोठी, मधली, लहान. किती दिवसांनी मी नीट वाजले!

त्या दिवशी गाडी जिन्यापर्यंतच गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी निघालीच नाही. मी खोटे सांगणार नाही, जादू वगैरे काही झाली नाही. पण घराला वेळापत्रक मिळाले. "आंघोळीची गाडी फलाटावर उभी आहे," मावशी म्हणत. "जेवणाची गाडी गरम आहे, प्रवाशांनी जागा धरावी," लेक स्वयंपाकघरातून ओरडे. बाई दोघींच्या चुका काढत. चुका काढता काढता त्या बोलत, बोलता बोलता चपला घालत. झाडापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग बागेला वळसा. गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांकडे फेऱ्या चालू होत्या. चहा गरम असतानाच संपू लागला.

आणि मग एका सकाळी मावशी आल्या नाहीत. गुडघा सुजल्याचा निरोप लेकीने कामावर जाता जाता सांगितला. दार बंद झाले. बाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. खिडकीतून स्थानकावरचा आमचा आवाज आला. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग पांघरुणाकडे. पांघरुणाचे टोक त्यांनी हातात धरले.

मी किती तळमळले, कसे सांगू! मला हात नाहीत. घंटीला कुणीतरी वाजवावे लागते. सगळा जन्म मी दुसऱ्याच्या हाताची वाट पाहण्यात घालवला, पण त्या सकाळइतकी आस मला कधीच लागली नव्हती.

बराच वेळ गेला. ऊन सरकत सरकत चपलांच्या कपाटापाशी आले. मग पांघरुणाचे टोक सुटले. बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या. मोठी, मधली, लहान. घसा खाकरून, त्या रिकाम्या घराला, त्यांनी त्यांच्या जुन्या आवाजात सांगितले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सकाळची गाडी आज उशिराने धावत आहे. मावशींच्या घराकडे जाणारी गाडी दारात उभी आहे. सुटण्याच्या तयारीत आहे."

त्यांनी थर्मास भरला, चपला घातल्या, दार उघडले. एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडले. त्या मागे वळून माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "सुटली."

मित्रांनो, बाईंचे काही दिवस अजूनही जड जातात. मलाही वारा फिरला की ती काच, ते फलाट आठवतात आणि जीव कासावीस होतो. पण आता आम्ही खिडकी लावून घेत नाही. तुमच्या घरात कुणी असे गप्प गप्प झाले, तर त्याला आळशी म्हणू नका, 'खूश राहा' असा हुकूमही सोडू नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या, आणि रोज सकाळी दारात उभे राहून हाक मारा. आणि तुम्ही स्वतःच गप्प झालात, तर कुणाला तरी तसे सांगा. हाक चुकीची मारली तरी चालेल. फक्त चाक फिरण्याआधी कुणाच्याही गाडीला 'सुटली' म्हणू नका.

उद्याही ऊन कपाटापाशी येईल. माझी हातोडी दोरीलाच बांधलेली आहे.