विभाच्या सहीचं पत्र

लखनऊच्या मराठी मंडळाचा सचिव प्रसन्न लिफाफा घेऊन आला, तेव्हा विभाताई मेथी निवडत होत्या. रविवारी मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. त्यासाठी त्यानं सांगलीहून त्यांच्या नाटक कंपनीचे जुने फोटो मागवले होते. मालक पंढरीनाथ केव्हाच गेले. त्यांच्या मुलीनं जे हाताला लागलं ते सगळं पाठवलं होतं.

विभाताई सतराव्या वर्षी कंपनीत गेल्या. नऊ वर्षं नायिका म्हणून उभ्या राहिल्या, गायल्या, वन्समोअर घेतले. मग सुधीररावांशी लग्न झालं. त्यांची इथल्या संशोधन संस्थेत नोकरी, म्हणून अलीगंजमध्ये बिऱ्हाड. वर्षभरात अंतरा झाली. "पोर जरा मोठी होऊ दे, नवं नाटक तुझ्यासाठीच ठेवतो," असं पंढरीनाथ म्हणाले होते.

फोटोंच्या तळाशी एक निळं अंतर्देशीय पत्र निघालं. नोव्हेंबर १९८९.

'भूमिका देऊ केलीत, आभारी आहे. पण मी रंगभूमी कायमची सोडली आहे. यापुढे कृपया पत्र पाठवू नये. – विभा.'

एकाही शब्दावर शिरोरेघ नव्हती. असं त्या घरात एकच माणूस लिहीत असे.

त्या वर्षी विभाताईंनी रोज पोस्टमनची वाट पाहिली होती. बोलावणं आलंच नाही, तेव्हा त्यांनी समजूत करून घेतली, की बाळंतपणात गळा गेला आणि कंपनीला ते कळलं. रियाज सुटला. तंबोरा शेजारच्या मुलीला देऊन टाकला. पस्तीस वर्षं त्या स्वतःच्या गळ्याला दोष देत आल्या होत्या.

सुधीरराव फिरून आले. विभाताईंनी पत्र त्यांच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "अगं, किती जुनं! त्यांचं पत्र माझ्या संस्थेच्या पत्त्यावर आलं होतं. अंतरा दोन वर्षांची होती. तुला विचारलं असतं तर तू गेली असतीस."

"हो, गेले असते! म्हणूनच विचारलं नाहीत ना?"

"संसार मोडला असता, विभा. मी सगळ्यांच्याच भल्याचं पाहिलं."

"सगळ्यांमध्ये मी कुठे होते?"

"आता चिडून काय होणार आहे? चहा टाक."

विभाताईंनी गॅस पेटवला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सुधीरराव कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन आले आणि बायको सत्कारापर्यंत शांत होईल असं धरून चालले.

रविवारी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी शाल घातली आणि ते माइकवरून म्हणाले, "विभाताईंनी संसारासाठी रंगभूमीचा त्याग केला. आजच्या मुलींनी हा आदर्श घ्यावा." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सुधीररावही टाळ्या वाजवत होते.

त्या टाळ्या पाहिल्या आणि विभाताईंचं डोकं फिरलं. त्या उठल्या.

"मी त्याग केला नाही," त्या म्हणाल्या. "त्याग करायला आधी विचारावं लागतं. मला भूमिका आली होती. माझ्या नावानं नकार कळवला गेला. सहीसुद्धा माझी नव्हती. मला हे चार दिवसांपूर्वी कळलं." नवऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यांनी लिहिलं ते. कोणत्याही मुलीनं यातलं काहीही आदर्श म्हणून घेऊ नये."

प्रसन्न पुढे झाला, "ताई, एखादं पद म्हणता का?" त्याला फक्त वेळ निभावून न्यायची होती. विभाताई गायल्या. दुसऱ्याच ओळीला वरचा षड्ज फाटला. त्या थांबल्या नाहीत, क्षमा मागितली नाही; फाटक्या आवाजात पद पुरं केलं आणि शाल खुर्चीवर ठेवून खाली उतरल्या.

बाहेर अंतरा संतापून उभी होती. "मम्मी, पापा को सबके सामने ज़लील करना ज़रूरी था? घर पे बोल लेतीं!"

"घरी बोलले. चहा टाक म्हणाले."

आईला गाडीत घेताना अंतरानं दार जोरात आपटलं. पुढे महिनाभर ती माहेरी फिरकली नाही.

सभागृहात राघव नावाचा एक हिंदी नाटकवाला बसला होता. आठवड्यानं त्याचा फोन आला. त्याच्या नाटकात एका म्हाताऱ्या गायिकेची भूमिका होती, मोठी. "आवाज जैसी है वैसी ही चाहिए," तो म्हणाला. विभाताईंनी लगेच होकार दिला. कुणाला विचारलं नाही.

आता त्या रोज दुपारी रिक्षानं कैसरबागेत तालमीला जातात. संवाद पाठ करताना त्यांचं हिंदी अडखळतं, गुडघे दुखतात. राग गेलेला नाही. कधी तालमीत मध्येच तो उसळतो, आणि समोरचा नट दचकून आपलं वाक्य विसरतो.

परवा त्या निघताना सुधीरराव दारात आले. "किती दिवस चालणार हे?"

"नाटक चालेल तितके," विभाताई म्हणाल्या. "कुकरमध्ये भात आहे. वाढून घ्या."