रोमचा शेतसारा आणि परळचा ग्रोमा

छत्रीचा सांगाडा नाही हो मी! आधीच सांगून ठेवतो, कारण जो येतो तो तेच विचारतो. कपडे वाळत घालायचा स्टँडही नाही. मी ग्रोमा. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही, अख्ख्या परळमध्ये माझ्यासारखा दुसरा सापडायचा नाही.

एक उभा दांडा, त्याच्या डोक्यावर आडवी फुली, फुलीच्या चार टोकांना चार दोऱ्या आणि प्रत्येक दोरीला एक ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला लावतात ना, तसलाच. संपलं माझं शरीर. पण खानदान ऐकाल तर उठून उभे राहाल! दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी नवा मुलूख घेतला की सैन्यामागोमाग माझे पूर्वज पोचायचे. समोरासमोरच्या दोन दोऱ्या एकामागे एक धरून बघायचं, सरळ रेघ मारायची, मग काटकोनात दुसरी. जमिनीचे चौकोन पडायचे. कुठे नांगरट, कुठे द्राक्षमळा, कुठे ऑलिव्हची बाग, ते बघून शेतसारा बसायचा. पोम्पेई नावाच्या गावात ज्वालामुखीच्या राखेखालून माझ्या एका पणजोबाची लोखंडी हाडं निघालीत. आहे का तुमच्या घरात कोणी असं?

माझा जन्म मात्र चाळीच्या गॅलरीतला. मला घडवलं कुशाबांनी. त्यांचं आयुष्य गिरणीच्या सुतारखात्यात गेलं. त्यांची सून सुचित्रा कॉलेजात इतिहास शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की नोकरी हवेत. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. यंदा गिरगावातल्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. निवड समितीसमोर, खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. सुचित्राने विषय घेतला रोमन शेतसारा.

"मराठेशाही घे ना, सेफ आहे," तिचा नवरा निलेश म्हणाला. "रोमचा टॅक्स ऐकायला कोण बसणार?"

"मी बसवते," ती म्हणाली. पण ही जागा हुकली तर शिकवणं सोडून कुठल्यातरी ऑफिसात चिकटायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

तिने मोबाइलवर माझं चित्र दाखवलं तेव्हा कुशाबा म्हणाले, "ह्या काय गो? छत्रेचो सांगाडो?" बघा, जन्माआधीपासून माझ्या नशिबी तेच! पण म्हातारा कामाला पक्का. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान काढलं, रंधा मारला, फुलीचे हात बोल्टने बसवले. मग गॅलरीत खडूने रेघा मारून मला तपासायला लागले. शेजारच्या मालनबाई दारात येऊन म्हणाल्या, "कुशाबा, गॅलरीची वाटणी करताय की काय?" कुशाबा हसले नाहीत. सुनेच्या नोकरीचं काम होतं ते.

दसरा आला. गिरण्या बंद पडल्या तरी गिरणगावात दसऱ्याला हत्यारांची पूजा चुकत नाही. कुशाबांनी पाटावर करवत, रंधा, पटाशी मांडली आणि शेजारी मला उभं केलं. मला कुंकू लागलं, अक्षता पडल्या! आणि माझ्या एका दोरीला त्यांनी झेंडूचं टपोरं फूल आणि आपट्याची दोन पानं बांधली. काय मिरवलो मी! पणजोबाला कधी झेंडू मिळाला असेल का, सांगा.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने गिरगावला निघालो. माझे दोन हात खिडकीबाहेर. वाटेत एका सिग्नलवर एका बाईंची साडीची पिशवी माझ्यात अडकली, त्यांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली, पण मी खुशीत होतो. मला धरून कुशाबा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सुचित्राने फुलाकडे एकदा पाहिलं. वाहिलेलं फूल आपण कसं काढायचं, म्हणून तिने ते राहू दिलं.

वर्ग गच्च भरलेला. बाजूच्या खुर्च्यांवर प्राचार्य आणि समितीतल्या ललिताबाई. कुशाबा शेवटच्या बाकावर. ऑक्टोबरची उकड, त्यामुळे डोक्यावर पंखे गरगर फिरत होते.

सुचित्राने सुरुवात झकास केली. विनीत आणि नम्रता या दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलावून फरशीवर बसवलं. "या इतक्या लाद्या विनीतचं शेत, त्या नम्रताचा द्राक्षमळा. आता मोजणीदार आलाय. मधली हद्द आखू आणि सारा बसवू." पोरं पुढे सरसावली. मी छाती काढून उभा!

आणि तेव्हा मला कळलं. माझ्या तीन दोऱ्या ताठ लटकत होत्या. चौथी, फुलाची, पंख्याच्या वाऱ्याने झुलत होती. ओळंबा थांबेच ना! सुचित्रा एक डोळा मिटून बघत राहिली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. घाईत तिने खूण केली आणि एका मुलाने खडूने रेघ ओढली.

"मॅडम," ललिताबाई शांतपणे म्हणाल्या, "लाद्या सरळ आहेत. रेघ नाही."

खरंच होतं. विनीतच्या शेतात नम्रताच्या लाद्यांचा मोठा तुकडा घुसला होता. वर्गात खसखस पिकली. सुचित्राच्या कपाळावर घाम आला. तिची नजर माझ्यावर आली, फुलावर थांबली. काढ ना बाई ते, मी ओरडत होतो, पण लाकडाचं कोण ऐकतो?

शेवटच्या बाकावरून कुशाबा उठले. "बाई, चूक माझी आहे. दसऱ्याचं फूल मी बांधलंय."

"बसा बाबा, एक मिनिट," सुचित्रा म्हणाली. मग विनीतकडे वळली. "विनीत, कागदावर ही जमीन आता तुझी. सारा तू भरायचा."

"म्हणजे टॅक्स मी भरणार आणि द्राक्षं ही खाणार? असं थोडीच असतं, मॅडम!"

वर्ग हसला, पण या वेळी तिला नाही. "असं होत असणार," ती म्हणाली. "रानात वारा असतोच, दोरी हलतेच. मग शेतकऱ्याने काय करायचं? जमीन खचली, वेली वाळल्या तर सारा कमी करावा, असं त्यांच्या कायद्यात लिहिलेलं होतं. एकदा आकडा बसला की तोंड बंद, असं नव्हतं."

"मग आता तुम्ही काय करणार?" ललिताबाईंनी विचारलं.

"पुन्हा मोजणार."

तिने स्वतः जाऊन पंखे बंद केले. "बाबा, तुम्ही वाहिलंय, तुम्हीच उतरवा." कुशाबा पुढे आले, मला हात जोडले, फूल आणि पानं सोडवून शर्टाच्या खिशात ठेवली. चारही दोऱ्या थांबल्या. उकाड्यात सगळे घामाघूम, पण एकही जण हलला नाही. रेघ लादीच्या सांध्यावरून सरळ गेली.

समितीकडून मात्र "कळवू," एवढंच.

घरी आल्यावर कुशाबांनी मला कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. जेवणही धड नाही. मग एका दुपारी फोन वाजला. सुचित्रा गॅलरीत गेली. "हो... हो मॅडम," इतकंच ऐकू आलं. मग ती उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली.

कुशाबा उठले. "माझ्यामुळे गेली गो तुझी नोकरी," म्हणाले आणि पाना घेऊन माझ्यापाशी आले. पहिला बोल्ट सैल केला. माझा एक हात लटकला. दुसऱ्या बोल्टला पाना लावला. माझा जीव टांगणीला!

"बाबा, काय करताय?" सुचित्रा डोळे पुसत धावत आली. तिने त्यांचा हात धरला. "नका खोलू त्याला. सोमवारी त्याला माझ्याबरोबर कॉलेजात यायचंय. आम्ही दोघं कायम झालोय."

कुशाबा मटकन खालीच बसले. पाना हातातच होता. बराच वेळ ते माझ्या दांड्याला धरून रडत होते.

आता मी गिरगावात, वर्गाच्या खिडकीजवळ उभा असतो. पोरं येता-जाता माझे ओळंबे हलवतात, मी ओरडतो, कोणी ऐकत नाही. पण तुम्ही एक ऐका. तुमच्या दारात कोणी मोजायला आलं तर आत चहा ठेवत बसू नका. बाहेर या, त्याच्या शेजारी उभे राहा आणि एक डोळा मिटून स्वतः बघा. पटलं नाही तर पुन्हा मोजायला लावा.