‘भाषा नाही’: एका लाकडी घोड्याचं गाऱ्हाणं

त्या दिवशी वारा साफ पडला होता. आभाळ कोंदलेलं, खिडकीबाहेरचं पानही हलत नव्हतं. तपासणीच्या खोलीत टेबलावर मी उभा होतो. मी म्हणजे लाकडी घोडा. सुताराने दाराच्या उरलेल्या तुकड्यातून मला कोरलं, लोकरीची शेपटी लावली. बोलायला उशीर झालेल्या पोरांना मला दाखवायचं आणि विचारायचं, “हे काय?” हीच माझी नोकरी. पडून पडून एक कान गेला, पण कधी कुरकुर केली नाही.

एक एवढीशी पोर आईच्या मांडीवरून उतरली. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “हे काय?” पोर बोलली नाही. तिने टेबलावरचा पेला माझ्या तोंडाला लावला. “घोड्याला झोप आलीये हं,” बाई म्हणाल्या. तशी तिने मला आडवं केलं आणि फ्रॉकचा घेर माझ्यावर पांघरला.

“बघा, सगळं कळतं हो तिला,” आई म्हणाली.

“दिसतंय ना मला. पण तोंडातून शब्द नाही. त्याला आम्ही ‘भाषा नाही’ असंच लिहितो. पद्धत आहे आमची.”

आणि तसंच लिहिलं. पोर मला सोडेना, तेव्हा बाई हसल्या. “न्या घरी. तसाही कान तुटलाय त्याचा.”

बाईंच्या खोलीत त्या शब्दांचा अर्थ एक होता. घरी पोचेपर्यंत तो दुसराच झाला. बापाने कागद मोठ्याने वाचला. आत्या म्हणाली, “भाषाच नाही, तर दिवसभर तिच्याशी बडबड कशाला गं वहिनी? पालथ्या घड्यावर पाणी!”

आई आधी चिडली. मग थकली. मग गप्प झाली.

पोर मला आईपुढे न्यायची, पेला तोंडाला लावायची आणि वर बघायची. “घोडा पाणी पितोय,” एवढं कुणी म्हणावं म्हणून. आई भांडी पुसत राहायची. हल्ली पोर वर बघतच नाही. मी खाटेखाली धूळ खात असतो.

मी अडाणी लाकूड. पण लिहिणाऱ्यांनो, ‘सांगितलेलं कळतं, बोलायला अजून लागली नाही’ असं लिहायला काही दौतभर शाई लागली नसती. तुमची पद्धत तुमच्या टेबलावरच राहते. कागद मात्र लोकांच्या घरात शिरतो.

काल शेजारचे काका दारात आले आणि बापाला म्हणाले, “काय रे, लहान मूल आहे ना घरात? मग तुम्ही मोठी माणसं अशी मूग गिळून का बसलात?”