आईच्या तोंडचं पत्र

राजाच्या हुकमानं इंग्रजी बायबल आमच्या गावच्या चर्चमध्ये आलं, तेही मेजाला साखळीनं बांधून. जणू कुणी ते घरी नेऊन त्यावर चीज कापणार होतं. वाचता येई ते एकट्या हम्फ्री चांभाराला, आणि त्याचा तोरा तर विचारू नका.

रविवारी मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "त्यातलं याकोबाचं पत्र वाच."

"थॉमसिन मावशी, आज लूकचं शुभवर्तमान चाललंय. मधेच याकोब कुठून काढलात?"

"तुझ्या जोड्यांची मी चार-चार महिने वाट बघते. माझ्यासाठी चार पानं उलटलीस तर हात झडतील का?"

लोक हसले. तो पानं उलटू लागला.

ते पत्र माझ्या आईला, मार्जरीला, अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. माझ्या लहानपणी चर्चला फक्त लॅटिन चाले; इंग्रजीतलं हाती लिहिलेलं शास्त्र घरात सापडलं तर जीव जाई. म्हणून ते चोरून ऐकणाऱ्या आमच्या मंडळींनी ते आपसांत वाटून घेऊन पाठ केलं होतं. आईच्या वाट्याला याकोब आला. लोणी काढताना ती ते म्हणायची. मी कधी शिकले नाही. म्हणायला ती होतीच की.

मग बिशपांची माणसं आली. मला विचारलं, "तुझी आई इंग्रजीतून शास्त्र म्हणते?" शेजारणींनी साफ नाही सांगून आपापल्या आया वाचवल्या. मला मात्र त्या पत्रातली आईची शिकवण आठवली: असेल तर हो म्हणावं, नसेल तर नाही. मी हो म्हटलं. त्यांनी आईला जाळलं. मला बाहीवर सरपणाच्या मोळीचं चित्र शिवून सोडून दिलं, जळता जळता वाचलेल्या पाखंड्याची खूण म्हणून जन्मभर मिरवायला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली.

हम्फ्री वाचू लागला. मी डोळे मिटले. अर्थ तोच होता, पण शब्द आईचे नव्हते, नव्यानं भाषांतर करणाऱ्या कुणा पंडिताचे होते. आई जिथं श्वास घ्यायला थांबायची, तिथं ते पुढं धावत होते. पत्र संपत आलं तरी आई कुठंच भेटेना. तिचं पत्र तिच्याबरोबरच जळलं होतं, आणि ते मी शिकून ठेवलं नव्हतं.

शेवटी ते हो-नाहीचं वाक्य आलं. तेवढं एकच हुबेहूब आईचं होतं.

हम्फ्री थांबला. "मावशी, रडता कशाला? आता कसली भीती? परत वाचू का एवढं?"

मला हवं होतं. तरी या वेळी मी नाही म्हणाले.