आईचं इंग्लिश

इत्सेल प्लास्टरच्या आत पेन्सिल खुपसून खाजवत होती. ऑरेलियानं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि मग स्वतःच बोटांत फिरवत बसली.

“इंग्लिशमध्ये विचारू की स्पॅनिशमध्ये?” दवाखान्यातल्या रेनाटा मॅडमनी दोन्ही भाषांत विचारलं. अपघातातून वाचलेल्या मुलांना त्या काही प्रश्न विचारत. हाड जुळलं तरी आत काही अडकून राहिलंय का, ते बघायला.

“इंग्लिश,” इत्सेल झटकन म्हणाली. “आईला येत नाही. तिला फक्त ‘ओके’, ‘थँक यू’ आणि ‘सेल’ कळतं.”

मॅडम हसल्या, इत्सेल हसली. मग ऑरेलिया हसली. तेवढं उशिरा हसायला ती केव्हाच शिकली होती.

पॅकिंग शेडमध्ये पीच निवडता निवडता मुकादमाचं इंग्लिश तिच्या कानांत मुरलं होतं. जिभेवर मात्र यायचं नाही. शिवाय बँकेत, शाळेत, दवाखान्यात लेक पुढे होऊन तिचं बोलणं पोचवायची, तेव्हा त्या एवढ्याशा चेहऱ्यावर काय रुबाब चढायचा! तो ऑरेलियाला घालवायचा नव्हता. म्हणून ती गप्प राहायची.

खिडकीबाहेर धुकं अजून विरलं नव्हतं. दोघी बसनं आल्या होत्या, आणि तिथंही इत्सेलनं डोळे गच्च मिटून घेतले होते. गाडीत तर ती बसायचंच नाव घेत नव्हती. झोपताना दिवा मालवू देत नव्हती. का, म्हणून विचारलं की, “काही नाही गं, आई.” ते ‘काही नाही’ कुणीतरी उलगडावं, एवढ्यासाठी ऑरेलियानं आज खाडा केला होता.

“झोपेत तेच पुन्हा पुन्हा दिसतं का?” मॅडमनी इंग्लिशमध्ये विचारलं.

“नाही.”

“मोठा आवाज झाला की दचकतेस?”

बाहेर कुणाची तरी ट्रॉली दारावर आदळली. इत्सेलचे खांदे कानांपर्यंत गेले.

“नाही,” ती म्हणाली.

ऑरेलिया उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली.

“आई, किती वळवळतेस! बस ना एका जागी.”

“खुर्ची टोचते गं. काय विचारतायत?”

“हात दुखतो का, ते.”

“मग काय सांगितलंस?”

“खाजतो म्हणून.”

मॅडमना दोन्हीकडचं कळत होतं. तरी त्यांनी इंग्लिशमध्येच पुढचं विचारलं, “त्या दिवसाचं असं काही आहे, जे तू कुणालाच सांगितलं नाहीस?”

इत्सेलनं आईकडे चोरून पाहिलं. ऑरेलिया भिंतीवरचा स्पॅनिश तक्ता वाचू लागली. ओठ हलवत, अगदी मन लावून. हातांना साबण लावा.

“माझा दात पडला होता,” लेकीचा आवाज खाली आला. “गाडीतच. मी ओरडले, आई, बघ, बघ! आणि तिनं बघितलं. आरशात.”

“मग?”

“पुढे धुक्यात ट्रक थांबलेला होता. मी हाक मारली नसती तर तिला दिसला असता.”

हातांना साबण लावा. हातांना साबण लावा. ऑरेलिया त्या ओळीच्या पुढे जाऊच शकत नव्हती. त्या सकाळी रस्त्यावरची पांढरी रेघ सोडून तिची नजर कुठेच नव्हती. आरसा आहे याचंही भान नव्हतं, ती हाक येईपर्यंत. मग आरशात दिसला तो इवलासा तळहात, त्यावरचा दात, आणि मागचं खिंडार पडलेलं हसू. तीही हसली होती.

आत्ता वळून लेकीला पोटाशी धरलं, तर पुन्हा ‘काही नाही गं, आई’ सुरू होईल. कायमचं.

“काय म्हणतायत मॅडम?” तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं.

“काही नाही. शाळेचं.”

“माझंही त्यांना एक सांग.”

“तुम्ही मला थेट सांगू शकता,” मॅडम स्पॅनिशमध्ये म्हणाल्या.

“नको. माझं नेहमी हीच सांगते. हिच्याइतकं नीट कुणाला जमत नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. इत्सेल सरसावून बसली.

“सांग, मी गाडी चालवताना सारखी आरशात बघते. मागे ही असते ना. गप्प बसलेली असली तरी बघते. वाईट खोड आहे मला.”

“आई म्हणते, ती गाडी चालवताना सारखी आरशात बघते. मी गप्प असले तरी. तिला वाईट खोड आहे.” इत्सेलचं इंग्लिश भरभर चाललं होतं. शेवटच्या वाक्याला तर तिला हसूही आलं.

“त्या दिवशीही बघत होते. हिनं हाक मारली, त्याच्या कितीतरी आधीपासून.”

“आई म्हणते, त्या दिवशीही ती बघत होती. मी हाक मारली, त्याच्या...”

इत्सेल थांबली. हाक आईनंही ऐकली होती; पण ती मनात टोचते, हे इत्सेलनं आत्ताच आणि फक्त इंग्लिशमध्ये सांगितलं होतं. ती सावकाश आईकडे वळली.

“आधीपासून?” तिनं विचारलं. हे मॅडमसाठी नव्हतं.

“आधीपासून,” ऑरेलिया म्हणाली, आणि लेकीच्या डोळ्यांवरून तिनं डोळे हलू दिले नाहीत.