रिकिबीचं माप

"रिकीब फार लांब झालीये," परीक्षक म्हणाले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी आमच्या ह्यांच्या घोड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या. "खोगीर अप्रतिम. लगामाच्या बकलाचा काटासुद्धा हलतो! पण रिकीब पार पोटाखाली लोंबतेय. पट्ट्याला सात भोकं आणि बक्कल लावलंय शेवटच्या भोकात. असं का हो?"

"मापात आहे," हे म्हणाले.

"कुणाच्या मापात?"

 ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

माझं डोकंच फिरलं. प्रदर्शनाच्या सभागृहात चाळीसेक माणसं आपापले वीतभर उंचीचे घोडे मांडून बसलेली, आणि आमचे हे एवढी साधी चूक करून मख्खासारखे उभे!

"अहो, बक्कल चार भोकं वर घ्यायला कितीसा वेळ लागतो? द्या इकडे, मी घेते." मी हात पुढे केला तर ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं कधी धरलं नव्हतं.

"हात लावू नकोस," म्हणाले.

बरं बाई. नाही लावत.

हे चष्म्याच्या दुकानात मोडक्या फ्रेमी दुरुस्त करतात. मी घरी शाळांचे गणवेश शिवते. सुट्टीच्या दिवशी लोक पाय पसरून झोपतात. आमचे हे खिडकीपाशी बसून जुन्या हातमोज्याचं कातडं पात्यानं तासत बसतात. कागदाइतकं पातळ झालं की त्याचे दोऱ्यासारखे पट्टे कापायचे, बारीक तारेची बक्कलं वळवायची. एका लगामाला दोन दोन महिने. शेजारीण दारातून हाक मारते, "घोडेवाले भावजी आहेत का?" हसण्यावारी न्यावं तर मीही कमी नाही. "घरात नुसती खोगीरभरती," म्हणायची. मी ते गमतीनं म्हणत नसे.

आमची मुलगी गेली त्याला सहा वर्षं झाली. नऊ वर्षांची होती, चौथीत. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून घरीदारी तिला लंबूच म्हणायचे. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि नऊ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. हा घोडा तिच्याच वाढदिवसाचा. "बाबा, खोगीर माझ्या मापाचं कर हं, मला बसता आलं पाहिजे," असं बजावून ती माझ्या शिवणयंत्राच्या स्टुलावर टांग टाकून बसली होती. ह्यांनी माझी टेप घेऊन तिचा पाय मोजला आणि मापाला नवानं भागलं, कारण घोडा खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाचा. खोगीर पुरं झालं तेव्हा ती नव्हती.

त्यानंतर ह्यांच्या तोंडून तिचं नाव नाही. एकदासुद्धा नाही. मी रडायला लागले की हे उठून टेबलाशी जायचे. मी तिचा फोटो लावायला काढला, ह्यांनी मुकाट खिळा ठोकून दिला आणि पुन्हा कातडं तासायला बसले. माझ्याशी बोलणं म्हणजे चहा झाला का, किल्ली कुठंय. वर्षातून एकदा, शाळा उघडायच्या आधी, माझ्या कामाची विचारपूस करायचे: यंदा अमुक इयत्तेच्या मुलींच्या खेळाच्या पँटची लांबी किती धरतेस? तोंडात टाचण्या धरून मी आकडा सांगायची. "तुम्हांला काय करायचंय?" असं वर खेकसायची.

लेक गेली आणि बाप घोडे खेळतोय, हे माझ्या मनात इतकं खोल गेलं होतं की ह्या उन्हाळ्यात मी ठरवून टाकलं. बहिणीकडे जायचं, कायमचं. बॅग भरून पलंगाखाली सरकवली होती. प्रदर्शन झालं की सांगणार होते.

बसमध्ये हे खोका मांडीवर घेऊन बसले. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं होतं. घरी आल्यावर हे हातपाय धुवायला गेले आणि मी खोका उघडला. तुमच्या मापाची ऐशीतैशी, म्हटलं, जाता जाता एवढी चूक तरी सुधारून जाते.

पट्टा बकलातून सोडवला आणि सवयीनं त्यावर टेप धरली. भोकं सारख्या अंतरावर नव्हती. मला नवल वाटलं. टाका केसभर हलला तरी सगळं उसवणारा हा माणूस! तिसऱ्या-चौथ्या भोकात अंतर सगळ्यांत जास्त. शेवटच्या दोन भोकांत अगदी थोडं.

हा क्रम मी कुठंतरी पाहिला होता. मान वर केली तर समोर भिंतीवर माझाच कागद, ज्यावरून मी पँट बेतते. चौथीला चोवीस. पाचवीला पंचवीस, सहावीला सव्वीस. सातवीला एकदम दीड इंच वाढ, त्या वयात मुली अशाच ताडासारख्या वाढतात. नववीपासून वेग कमी. दहावीला तीस.

चौथी ते दहावी. सात भोकं.

घोडा मांडीवर घेऊन मी तिथंच बसले. माझी पोर ह्या घरात सहा वर्षं वाढत होती. तिची मापं मीच दिली होती, तीही खेकसून. पलंगाखालची बॅग आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय काय बोलले होते मी ह्या माणसाला!

हे टॉवेलला हात पुसत आले. माझ्या मांडीवर घोडा, सुटलेला पट्टा, हातात टेप. रागावले नाहीत. समोरच्या स्टुलावर बसले, टेबलावरची भोकं पाडायची आरी उगाच हातात घेतली. 

"यंदा," हे म्हणाले, "अकरावीच्या मुलींची लांबी किती धरतेस?"

मला उत्तर ठाऊक होतं. दहावीला शिवलेली पँट बारावीपर्यंत चालते. आया तेवढ्यासाठीच कापड चांगलं घेतात. त्या वयात मुली वाढायच्या थांबतात.

"तीस," मी म्हटलं. "तेवढीच."

ह्यांनी मान हलवली. आरी खाली ठेवली, खोक्याचं झाकण ओढून घेतलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसून राहिले. मला ते हात बघवेनात.

"अहो, पण ते बाकीच्या मुलींचं झालं. आपली लंबू आहे. अर्धा इंच जास्त धरा."

हे माझ्याकडे बघत राहिले.  

"लंबू," हे म्हणाले. "हो. लंबूच आहे ती."



डोळे पुसून ह्यांनी अर्ध्या इंचाला नवानं भागलं आणि सातव्या भोकाखाली, त्याला जवळजवळ चिकटून, खूण केली. पट्टा मी धरला. आरी टोचली. धुळीच्या कणाएवढं कातडं माझ्या बोटाला चिकटून आलं, ते मी झटकलं नाही.

ह्यांनी बक्कल नव्या भोकात लावलं. त्यापुढं पट्ट्याला आणखी एक भोक पाडायला जागा नव्हती.