तुरीचे तेवीस दाणे

"काहून दचकून राहिलीस गं शकुंतला? मडक्यात साप हाय का?" सोजराबाई नर्सनी मला विचारलं, आणि शाळेच्या खोलीतल्या सगळ्या पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसल्या.

साप नव्हता. मागच्या खोलीत तोंडाला फडकं बांधलेलं एक मडकं होतं, फडक्याला हात जाईल एवढी फट होती, आणि शेजारी सुपात ज्वारी नि तूर.

ही चौऱ्याहत्तरची गोष्ट. सिद्धेश्वरच्या कालव्याकाठी आमचा तांडा. शहरातून एक डॉक्टर पाहणीला आले होते. बारा ते सोळा वयाच्या आम्हा अठराजणींना ते विचारत होते, पाळी येण्याआधी तिच्याबद्दल कुणी सांगितलं होतं का? 'नाही' जास्त निघाले, तर तांड्यावर दर मंगळवारी मुलींचा वर्ग मंजूर होणार होता. पण पहिल्या दिवशी आया शेजारीच बसलेल्या. आईदेखत कोणती पोरगी म्हणेल, की हिनं मला काही सांगितलं नाही? अठराच्या अठरा कागदांवर 'हो' आलं. डॉक्टर खूश. वर्गाची गरजच उरली नाही.

सोजराबाई खूश नव्हत्या. त्या हट्टा गावच्या. निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून पायी तांडे फिरायच्या. पंधरा वर्षांच्या पोरी बाळंतपणात त्यांच्या हातावर गेल्या होत्या. वर्ग त्यांनाच हवा होता.

"साहेब, तोंडाचं सोडा. हाताला विचारून बघू," त्या म्हणाल्या. माहीत होतं तिनं ज्वारीचा दाणा टाकायचा, नव्हतं तिनं तुरीचा. कुणी बघणार नाही.

माझा नंबर शेवटचा. आदल्या वर्षी कापूस वेचताना मला पहिल्यांदा झालं, तेव्हा आपण मरणार हे मी धरूनच चालले होते. घरी येऊन आरशांची ओढणी धाकट्या बहिणीला देऊन टाकली. मेले तर नाही, पण ओढणी परत मागायची लाज वाटली. मी तूर टाकली.

डॉक्टरांनी मडकं पालथं केलं. ज्वारी दोन. तूर तेवीस.

"मुली अठरा, दाणे पंचवीस!" ते हसले. "बाई, हे कागदावर चढत नाही. वर्ग विसरा."

सोजराबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या दारातून तांड्याच्या नाईकाची बायको मिराबाई पुढं आली. सकाळपासून बाया त्या दाराबाहेरच बसलेल्या होत्या.

"त्यातला येक माझा."

"आजी, तुम्ही साठीच्या!"

"मंग? मला तरी कुनी सांगितलं व्हतं? तीन दिस कडब्यात लपून बसले व्हते मी."

कुणी हसलं नाही. मग आणखी एकजण उठली. मग दुसरी. सहावी माझी आई. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरीला काय सांगू? मलाच कुनी काय सांगितलं न्हाई." तिनं शेजारच्या धाकटीच्या डोक्यावरून ती ओढणी काढली आणि माझ्यापुढं धरली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या कागदात साठ वर्षांचा रकाना नाही, आजी."

"मंग कागद मोठा आना," मिराबाई म्हणाली. "तुमची मंजुरी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. बाई, तुमी मंगळवारी या. आमीबी बसतो."

"बिनपगारी हाय बरं," बाई म्हणाल्या, पण आवाज ओला होता.

मिराबाई बोटांवर मोजत राहिली. "आमी सहा झालो. येक दाना उरला की!"

"चुकून पडला असंल," सोजराबाई म्हणाल्या आणि दाणे सुपात लोटायला लागल्या.

मीही दाणे सुपात लोटू लागले. माझ्यानंतर मडकं आणायला बाई आत गेल्या होत्या, तेव्हा मी दारातच होते. सुपापुढं त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, मग फटीत हात घातला. तेराव्या वर्षी सासरी गेलेल्या बाई पंधराव्या वर्षी एकट्याच माहेरी परतल्या होत्या, एवढं तांड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यापुढं कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवार पुढं चार वर्षं चालले. मला मात्र ती संध्याकाळ आठवते. बाई कालव्याच्या भरावावरून परत चालल्या होत्या. मडकं रिकामं होतं. तरी त्यांनी ते कडेवर घेतलं होतं आणि खालून, बाळाला लावावा तसा, अलगद हात लावला होता.